वेबसाइटवरच्या जाहिरातींचे पैसे : वर्षभराचा उघडा हिशोब आणि एक प्रश्न

पुरचुंडी | १२ जानेवारी, रात्री १०:१५

मागच्या जानेवारीत माझ्या पाककृतींच्या साइटवर गूगल अ‍ॅडसेन्सच्या (साइटवर जाहिराती दाखवून साइटवाल्याला पैसे देणारी गूगलची सेवा) जाहिराती सुरू केल्या, त्याला वर्ष झालं. तेव्हा दोघा-तिघांना व्यनि (खासगी निरोप) करून विचारलं होतं की खरंच किती मिळतात, तर "ते साइटवर अवलंबून" एवढंच उत्तर आलं. म्हणून आज माझे आकडे उघडे करून ठेवते. कुणाला ठरवायला उपयोगी पडले तर चांगलंच. शेवटी माझाही एक प्रश्न आहे, त्याचं उत्तर मला मनापासून हवं आहे.

साइट आठ वर्षांची. १४० पाककृती, सगळ्या मराठीत, सगळ्या माझ्या, आईच्या नाहीतर सासूबाईंच्या हातच्या. डोमेन आणि होस्टिंगला वर्षाला ३,२०० रुपये लागतात, ते इतकी वर्षं घरखर्चातून जात होते.

वर्षभरात पानं उघडली गेली २,१०,०००. त्यातली ६२,००० एकट्या ऑक्टोबरात, दिवाळीच्या तोंडावर, आणि त्यातही निम्म्याहून जास्त एकाच पानावर : भाजणीच्या चकल्या. ऑक्टोबरात दर हजार पानांमागे ०.८० डॉलर पडले, म्हणजे ४९.६० डॉलर. उरलेल्या अकरा महिन्यांत सरासरी ०.४५ डॉलर, म्हणजे १,४८,००० पानांचे ६६.६० डॉलर. एकूण ११६.२० डॉलर.

हे पैसे महिन्याच्या महिन्याला मिळत नाहीत. आधी १० डॉलर झाले की पत्ता तपासण्यासाठी पोस्टाने एक पिन (गुप्त आकडा) येतो. घडी घातलेलं छोटंसं पत्र असतं, कडा फाडून उघडायचं. माझं पहिलं पत्र आलंच नाही, कारण पत्त्यात मी इमारतीचं नाव घातलं आणि गल्लीचं विसरले. तीन आठवडे थांबून दुसरं मागवलं, ते आलं. मग १०० डॉलर पुरे होईपर्यंत थांबायचं. माझे ते ऑक्टोबरअखेर झाले. २४ नोव्हेंबरला पैसे बँकेत आले, बँकेचे चार्जेस जाऊन हातात साडेआठ हजारांच्या आसपास. होस्टिंग वजा केलं तर पाच हजार तीनशे. त्यातून मी पितळी सोऱ्या घेतला. लग्नाला २२ वर्षं झाली, पण स्वतःच्या कमाईतून घरात आणलेली ही माझी पहिली वस्तू.

आता प्रश्न. सप्टेंबरात मी ऑटो जाहिराती चालू केल्या. म्हणजे जागा आपण ठरवायची नाही, त्यांचं यंत्र ठरवतं. उत्पन्न वाढलं. पण दिवाळीच्या आठवड्यात चकलीच्या पानाखाली एका वाचक बाईंनी लिहिलं ते इथे देते :

"ताई, माप बघायला फोन उघडला तर साहित्य आणि कृतीच्या मधोमध मोठी जाहिरात. हात पिठाचे. कोपराने फुली दाबायला गेले तर दुसरंच काहीतरी उघडलं, परत आले तर पान वरून सुरू. तोवर उकड गार झाली. पूर्वी तुमचं पान असं नव्हतं."

दोन महिने हे वाक्य डोक्यातून जात नाहीये. मधली ती जाहिरात काढली तर माझं जवळजवळ एक तृतीयांश उत्पन्न जातं. तुम्ही काय केलं असतं?

तारायंत्र | १२ जानेवारी, रात्री ११:०२

पुरचुंडीताई, असा हिशोब मराठीत कुणी मांडलेला मी पाहिला नव्हता. आभार.

नवीन मंडळींसाठी ही यंत्रणा थोडक्यात सांगतो, म्हणजे ताईंचे आकडे कुठून येतात ते कळेल. तुमचं पान कुणीतरी उघडलं की त्या क्षणी त्या जागेचा लिलाव होतो. जाहिरातदार बोली लावतात, जिंकणाऱ्याची जाहिरात दिसते. अ‍ॅडसेन्स २००३ साली सुरू झालं तेव्हापासून कल्पना हीच आहे. जाहिरातदार देतो त्यातले साधारण ६८ टक्के साइटवाल्याला मिळतात. आधी मुख्यतः क्लिकवर पैसे मिळत, २०२४ पासून जाहिरात दिसण्यावर हिशोब होतो. क्लिकचं महत्त्व म्हणून संपलेलं नाही, कारण जिथे लोक क्लिक करत नाहीत तिथे जाहिरातदार पुढे बोलीच कमी लावतो.

०.४५ डॉलर कमी वाटेल, पण मराठी पाककृतींच्या पानाला तो वाईट नाही. हिंदीला अ‍ॅडसेन्सने डिसेंबर २०१४ मध्ये घेतलं, मराठीचा नंबर २०१८ मध्ये लागला. त्याआधी मराठी साइटवाले वर दोन परिच्छेद इंग्रजी टाकून मंजुरी मिळवायचे, मीही तेच केलं होतं. आजही मराठी पानावर बोली लावणारे थोडे. कर्ज, विमा, परदेशी शिक्षण या विषयांना जास्त पैसे पडतात, पण म्हणून चकलीचं पान सोडून कुणी विम्यावर लिहायला बसू नये. ज्यातलं कळतं तेच लिहावं, वाचक त्यासाठीच येतो.

ऑटो जाहिरातींच्या सेटिंगमध्ये जागा वगळता येतात. ते उद्या सविस्तर लिहितो.

आजोळ | १३ जानेवारी, सकाळी ७:२०

स्पष्ट लिहितो, राग नसावा. आमच्या घरी तुमची साइट माझ्या पत्नीने पाच वर्षं वापरली. ती आजारी असताना माझा पहिला साबुदाण्याचा उपास तुमच्या पानावर बघून झाला. अशा घरगुती, जिव्हाळ्याच्या जागी कर्जाच्या आणि गेमच्या जाहिराती बघून मनाला लागतं. हौस ही हौसच राहू द्यावी. वाचकांनी मिळून ३,२०० रुपये काढणं अवघड नाही, मी माझा वाटा आज देतो.

पुरचुंडी | १३ जानेवारी, दुपारी २:३०

आजोळ काका, राग मुळीच नाही. काकूंना आता बरं आहे ना?

वर्गणीचा विचार मीही केला होता. पण काका, एक चकलीची पाककृती लिहायला मला चार वेळा चकल्या कराव्या लागल्या. पहिल्या घाण्यात मोहन जास्त झालं आणि चकल्या तेलात विरघळल्या. दुसऱ्यात पीठ घट्ट राहिलं, सोऱ्यातून पडतानाच तुटल्या. तिसऱ्यात तेल पुरतं तापलं नव्हतं, संध्याकाळपर्यंत मऊ. चौथ्या घाण्याचं माप मी पानावर दिलं आहे. तेल, गॅस, डाळी, दोन दिवस. याला कुणी मोल देत असेल तर ते घेताना मला संकोच वाटत नाही. वर्तमानपत्रात जाहिराती असतात. आपले दिवाळी अंक तर जाहिरातींवरच उभे राहतात, पहिली आठ पानं पेढीवाल्यांची आणि बँकांची असतात, तरी आपण ते जिव्हाळ्यानेच वाचतो ना?

जाहिरात असावी की नसावी हा माझा प्रश्न नाही. ती कुठे असावी, हा आहे.

आजोळ | १३ जानेवारी, दुपारी ४:०५

दिवाळी अंकाचा मुद्दा पटला. तिथे जाहिरात गोष्टीच्या मधल्या वाक्यात घुसत नाही, एवढंच म्हणतो. पत्नी आता हिंडती-फिरती आहे.

सह्यवारा | १३ जानेवारी, रात्री ९:४८

माझा अनुभव सांगतो, कुणाचे तरी पैसे वाचतील.

माझी साइट किल्ल्यांवर. पाचनईमार्गे हरिश्चंद्रगड, खिरेश्वरची वाट, नळीची वाट, कुठे पाणी मिळतं, कुठे मुक्काम करायचा, असं सगळं. जाहिराती लागल्या त्या आनंदात मी मित्रांच्या ग्रुपवर लिंक टाकली. मी क्लिक करा म्हटलं नव्हतं. पण माझ्यावर जीव असणारी दहा-बारा पोरं, त्यांना वाटलं भावाला मदत करू. रोज सकाळी चहा पिताना साइट उघडायची आणि दोन-तीन जाहिराती दाबायच्या. आठवड्यात माझं उत्पन्न पाचपट. मी खूश. पुढच्या आठवड्यात जाहिरात कंपनीने खात्यावर मर्यादा आणली, महिन्याभरात खातं बंद. जमलेले ३८ डॉलर जाहिरातदारांना परत. अपील केलं, नामंजूर झालं.

वाईट पैशांचं नाही वाटलं. मित्रांना कसं सांगू, हे कळेना. अजूनही त्यातल्या दोघांना माहीत नाही की त्यांच्यामुळे बंद झालं.

तेव्हा जाहिराती सुरू करायच्या आधीच घरच्यांना, मित्रांना, भाचे-पुतण्यांना समोर बसवून सांगा : साइट वाचा, जाहिरातीला हात लावू नका. स्वतःही कधी दाबू नका, "बघूया कुठे जाते" म्हणूनही नाही. आणि एका माणसाला एकच खातं, बंद झालं म्हणून दुसरं काढता येत नाही.

गुरुजी_पाटीवाले | १४ जानेवारी, सायं. ६:१५

मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. शिष्यवृत्ती परीक्षेचे सराव पेपर स्वतः तयार करून सहा वर्षं साइटवर टाकतो. फेब्रुवारीत दिवसाला चार-पाच हजार मुलं-पालक येतात. सहकारी म्हणतात जाहिराती लाव, नेटपॅकचा तरी खर्च निघेल. काही जणांनी बायकोच्या नावावर खातं काढलंय. नोकरीत हे चालतं का? नक्की माहिती असणाऱ्यांनी कृपया सांगावं.

आकडेमोड | १४ जानेवारी, रात्री १०:३०

गुरुजी, तुम्हाला जिल्हा परिषद जिल्हा सेवा (वर्तणूक) नियम, १९६७ लागू होतात. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांसाठी असेच १९७९ चे नियम आहेत. दोन्हींचं सूत्र असं की पूर्वपरवानगीशिवाय खासगी धंदा किंवा दुसरी नोकरी करायची नाही. अधूनमधून केलेल्या साहित्यिक, कलाविषयक लिखाणाकडे नियम वेगळ्या नजरेने बघतात, पण दर महिन्याला चालू असणारी जाहिरातींची कमाई त्यात बसते असं स्वतःच ठरवून मोकळं होऊ नका. गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत लेखी परवानगी मागा, अर्जाची पोच घ्या, उत्तर येईपर्यंत थांबा. खातं पत्नीच्या नावावर आणि काम तुमचं, हा मार्ग मी माझ्या कुठल्याही पक्षकाराला सुचवत नाही. चौकशी लागली तर साइटवरची तुमची ओळख, तुमचे पेपर, तुमचा फोटो हे सगळं समोर असतं.

आता करांचं, कारण ते कुणी विचारत नाही आणि जुलै उजाडला की धावपळ होते.

हे पैसे परदेशातून येतात. बँक तुम्हाला परपज कोड, म्हणजे पैसे कशासाठी आले ते सांगणारा क्रमांक, विचारेल. जाहिरात सेवेसाठी पी १००७ आहे. चुकीचा कोड पडला तर नंतर निस्तरत बसावं लागतं, म्हणून शाखेत पहिल्याच वेळी नीट लिहून द्या आणि रक्कम परदेशातून आल्याचा दाखला मागून घ्या. खात्याचं नाव आणि अ‍ॅडसेन्समधलं नाव अक्षरशः एक हवं. बाईंच्या बाबतीत माहेरचं-सासरचं नाव इथेच अडतं.

उत्पन्न पाच हजार असो वा पाच लाख, विवरणपत्रात दाखवायचं. नियमित साइट चालवत असाल तर ते धंद्याचं उत्पन्न. त्यामुळे पगारदार माणसाला नेहमीचा आयटीआर १ चालत नाही, ३ किंवा ४ भरावा लागतो. होस्टिंग, डोमेन, इंटरनेटचा त्या कामापुरता हिस्सा हा खर्च वजा होतो. पुरचुंडीताई, चकलीच्या चार घाण्यांचं तेलसुद्धा त्यात धरता येईल, फक्त बिलं ठेवा. जीएसटी सेवेच्या उलाढालीला २० लाखांच्या पुढे लागतो, तिथवर पोचणाऱ्यांनी आपल्या सीएशी बोलावं, कारण निर्यातीचे नियम वेगळे आहेत.

तारायंत्र | १४ जानेवारी, रात्री ११:१०

गुरुजींसाठी भर. तुमचे वाचक लहान मुलं आहेत. परवानगी मिळाली तरी साइट मुलांसाठीची आहे असं अ‍ॅडसेन्समध्ये नोंदवावं लागतं, म्हणजे मुलांच्या आवडीनिवडींचा माग काढून जाहिराती दाखवल्या जात नाहीत. उत्पन्न त्याने कमी होतं. तरी तेच योग्य आहे. पाचवीच्या मुलाला गणिताच्या पेपराशेजारी रमीची जाहिरात दिसता कामा नये. जाहिरातींचे वर्ग हाताने बंद करता येतात, जुगार, लवकर श्रीमंत व्हा छाप, डेटिंग, हे सगळे पहिल्या दिवशी बंद करा. पुरचुंडीताईंनीही करावेत, आजोळ काकांचं निम्मं दुःख तिथेच संपेल.

गुरुजी_पाटीवाले | १५ जानेवारी, सकाळी ८:००

अर्ज लिहायला घेतला आहे. परवानगी नाही मिळाली तर पेपर आहेत तसे फुकट चालू राहतील. दोघांचे मनापासून आभार.

दूरदेशी | १५ जानेवारी, सकाळी ९:३५

मी न्यू जर्सीहून. इथे माझ्यासारख्या खूप जणी एच-४ व्हिसावर (नोकरीसाठी आलेल्या नवऱ्याबरोबर येणाऱ्या बायकोचा व्हिसा) येतात आणि हातात वेळ असतो म्हणून पाककृती, भिशी-हळदीकुंकवाच्या कल्पना, मुलांच्या मराठी गोष्टी असं काहीतरी लिहायला लागतात. मीही लागले. जाहिराती मात्र चार वर्षं लावल्या नाहीत, कारण एच-४ वर कामाची परवानगी नसते आणि जाहिरातीचं उत्पन्न काम धरलं जाईल का यावर वकिलाने मला "धोका घेऊ नका" असं सांगितलं. मे २०१५ पासून नवऱ्याच्या ग्रीनकार्डाचा अर्ज एका टप्प्यापर्यंत गेला असेल तर काम करता येतं, ते कामाच्या परवानगीचं कार्ड हातात आल्यावरच मी बटण दाबलं. ती चार वर्षं फार जड गेली. लिहीत होते, लोक वाचत होते, आणि स्वतःचा एक पैसा नव्हता. सोऱ्याचं वाचलं तेव्हा डोळे भरून आले, ताई.

आकड्यांचं म्हणाल तर माझे निम्मे वाचक अमेरिकेतले. इथल्या हजार पानांना भारतातल्या हजार पानांच्या कितीतरी पट मिळतात, माझ्याकडे आठ-दहा पट. त्यामुळे मराठी लिहिणाऱ्या कुणी माझे आकडे बघून स्वतःच्या साइटला नावं ठेवू नयेत. वाचक कुठे बसला आहे यावर फार ठरतं.

युरोपात आणि ब्रिटनमध्ये वाचक असतील तर अजून एक : १६ जानेवारी २०२४ पासून तिथल्या वाचकाला संमती विचारणारी मान्यताप्राप्त खिडकी दाखवावी लागते. अ‍ॅडसेन्सच्या गोपनीयतेच्या विभागात तयार मिळते, दहा मिनिटांचं काम.

ठेचा_मिरची | १६ जानेवारी, दुपारी १:४०

इथे सगळे जाहिरात दाखवणारे बोलले. मी जाहिरात देणारी. पैसे ज्यांच्या खिशातून निघतात, त्यातली एक.

सांगलीत माझा घरगुती धंदा आहे. मेतकूट, चटण्या, थालीपिठाची आणि चकलीची भाजणी. आम्ही पाच बायका. मागच्या दिवाळीत पोराने गूगलवर जाहिरात लावून दिली. ३,००० रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३,५४० गेले. क्लिक आले नऊशेच्या वर. मला वाटलं आता दळण पुरणार नाही. ऑर्डरी आल्या चार.

मग पोराने जाहिरात कुठे-कुठे दिसली त्याचा तक्ता काढला. खूपसे क्लिक मोबाइलवरचे, गेम आणि पाककृतींच्या साइटवरून आलेले. माणूस आमच्या पानावर थांबला किती? दोन सेकंद, तीन सेकंद. तेव्हा कळलं नाही असं का. आज त्या बाईंचं वाक्य वाचलं आणि कळलं. कोपराने फुली दाबायला गेल्या आणि दुसरंच उघडलं. ते "दुसरंच काहीतरी" म्हणजे माझं दुकान होतं, पुरचुंडीताई. तुमच्याच पानावर होतं असं म्हणत नाही, पण अशाच कुठल्यातरी पानावर होतं. त्या बाई माझ्यावर वैतागल्या, मला साडेतीन रुपयाला पडल्या, आणि भाजणी कुणी घेतली नाही.

मोठ्या कंपनीला हे जाणवत नसेल. पाच बायकांना जाणवतं.

पुरचुंडी | १६ जानेवारी, रात्री १०:५०

ठेचाताई, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला.

मी इतके दिवस माझ्या वाचकाचा आणि माझा विचार करत होते. तिसरं माणूस असतं हे डोक्यातच आलं नव्हतं. "जाहिरातदार" म्हटलं की मला मोठी कंपनी दिसायची. जी जागा सगळ्यात जास्त कमावत होती ती चुकून पडलेल्या बोटांवर कमावत होती, हे आता लख्ख दिसतंय.

आज दुपारी एक काम केलं. फोनवर चकलीचं पान वरपासून खालपर्यंत सरकवत किती पडदे होतात ते मोजले. १४ पडदे. त्यातले ५ जाहिरातींचे. म्हणजे शंभरातले ३५ च्या वर.

तारायंत्र | १६ जानेवारी, रात्री ११:२०

ताई, मोबाइलवर जाहिरातींची उंची मुख्य मजकुराच्या एकूण उंचीच्या ३० टक्क्यांच्या वर गेली तर ती त्रासदायक मानली जाते, असा मापदंडच आहे. क्रोम ब्राउझरने जुलै २०१९ पासून तो जगभर लावला. मापदंड वारंवार मोडणाऱ्या साइटच्या सगळ्याच जाहिराती तो बंद करू शकतो. तेव्हा काढणं तुमच्याही हिताचं.

करायचं असं : ऑटो जाहिरातींच्या पानावर साइटचं पूर्वदर्शन दिसतं. मजकुराच्या मधल्या जाहिराती बंद करा, पूर्ण पडदा झाकणारी बंद करा, जाहिरातींची संख्या कमीत कमीवर आणा. मग दोन जागा स्वतः निवडा. माझं मत : एक प्रस्तावनेनंतर, साहित्याच्या बरीच वर. दुसरी कृती संपल्यावर. साहित्य ते शेवटची पायरी एवढा पट्टा मोकळा. आणि ज्याचे हात पिठात आहेत त्याच्यासाठी "थेट मापाकडे" असं बटण वर द्या.

सह्यवारा | १७ जानेवारी, सकाळी ७:५५

+१. माझ्याकडे आता जाहिराती नाहीतच, पण भेटीही कमी झाल्यात. शोधलं की वर आयतं उत्तर मिळतं, गडाची वाट वाचायला लोक साइटपर्यंत येतच नाहीत. जे येतात ते ओळखीने, व्हॉट्सअ‍ॅपवर कुणी लिंक पाठवली म्हणून. अशा वेळी आलेल्या माणसाला वैतागून घालवणं परवडणार नाही.

आणि ठेचाताई, तुम्ही थेट पुरचुंडीताईंच्याच पानावर का जाहिरात देत नाही? मधे कुणी नको.

ठेचा_मिरची | १७ जानेवारी, दुपारी १२:१०

देईन की. आश्विन महिन्यापुरती १,५०० देऊ शकते, रोखठोक सांगते. चकलीच्या पानावर जो येतो त्याला भाजणीच हवी असते, निम्म्यांना ती घरी करायला वेळ नसतो. असा माणूस मला गूगलवर ३,५४० देऊन सापडला नाही.

आकडेमोड | १७ जानेवारी, दुपारी ३:००

चांगलं आहे, दोन गोष्टी पाळा. त्या चौकटीवर "जाहिरात" हा शब्द स्पष्ट दिसला पाहिजे. पैसे घेऊन केलेली शिफारस तशी सांगावी असा भारतीय जाहिरात मानक परिषदेचा दंडक २०२१ पासून आहे, आणि आपल्या वाचकालाही ते कळायला हवंच. तांत्रिक बाजूने, लिंक पैसे घेऊन दिलेली आहे अशी खूण तिच्या कोडमध्ये घाला, तारायंत्र सांगतील. आणि खाद्यपदार्थ आहे, ठेचाताईंचा अन्नसुरक्षेचा एफएसएसएआय नोंदणी क्रमांक चौकटीत येऊ द्या.

पुरचुंडी | १७ जानेवारी, रात्री ९:३०

ठेचाताई, माझी एकच अट. आधी तुमची अर्धा किलो भाजणी मी विकत घेईन. त्याच्या चकल्या करून बघेन. जमल्या तर जाहिरात. तोवर १,५०० पाठवू नका.

ठेचा_मिरची | १७ जानेवारी, रात्री ९:४१

उद्याच पार्सल टाकते. अट आवडली.

पुरचुंडी | १९ एप्रिल, सायं. ५:२०

धागा वर काढते, कारण तीन महिने झाले आणि सांगायचं राहून गेलं होतं.

मधली जाहिरात १८ जानेवारीलाच काढली. आता प्रस्तावनेनंतर एक आणि शेवटी एक, एवढ्याच. जुगार आणि झटपट कर्जाचे वर्ग बंद. दर हजार पानांमागे ०.४५ चे ०.३३ झाले. मार्चमध्ये कुरडया, सांडगे आणि साबुदाण्याच्या पापड्यांची गर्दी होती, १६,००० पानं उघडली, ५.२८ डॉलर मिळाले. पूर्वीच्या दराने ७.२० मिळाले असते. महिन्याला दीडशे-पावणेदोनशे रुपयांचा फरक. असाच दर राहिला तर १०० डॉलर वर्षात पुरे होतील की नाही, शंका आहे. कदाचित पुढच्या वर्षात जाईल. मी ते धरून चालले आहे.

वाचक मात्र थांबतात. गव्हाच्या चिकाच्या कुरडयांच्या पानाखाली या मोसमात ४१ प्रतिसाद आले, गेल्या वर्षी ९ होते. चीक कितीदा निवळायचा, तिसऱ्या दिवशी पाणी ओतताना काय बघायचं, असे प्रश्न. त्यातले सहा-सात मला पानातच उत्तर म्हणून घालायला लागले, पान त्याने सुधारलं. दिवाळीतल्या त्या बाईंना मी मेलने कळवलं होतं. त्यांनी परवा उकडीचा फोटो पाठवला, शेजारी फोन, पडद्यावर माप.

गुरुजींची परवानगी अजून आलेली नाही, पेपर चालू आहेत. माझ्या भाच्याने चौथीसाठी वापरले.

आणि भाजणी. ठेचाताई, तुम्हाला फोनवर सांगितलं ते इथेही लिहिते, कारण लोक विचारतायत. भाजणी खमंग आहे, दळण एकसारखं आहे, डाळी नीट भाजलेल्या कळतात, धने-जिऱ्याचा वास उघडताक्षणी येतो. पहिल्या घाण्यात मी माझ्या मापाने वाटीला वाटी पाणी घेतलं, तर पीठ कोरडं झालं आणि चकल्यांना काटे आले पण कडेने तुटल्या. तुमची भाजणी माझ्यापेक्षा थोडी जाड दळलेली आहे, ती पाणी जास्त मागते. दुसऱ्या घाण्याला वाटीला सव्वा वाटी कढत पाणी आणि दोन चमचे गरम तेलाचं मोहन घेतलं. ५० चकल्यांत एकही तुटली नाही, चौथ्या दिवशीही कुरकुरीत होत्या.

आश्विनातली जागा तुमची. कृती संपते तिथे, "चकली तुटली तर" या मजकुराच्या खाली. वर "जाहिरात" असं लिहिलेलं असेल. १,५०० घटस्थापनेच्या आदल्या दिवशी पाठवले तरी चालतील, पण त्याआधी पाकिटावर पाण्याचं माप छापून घ्या. वाटीला सव्वा वाटी.

ठेचा_मिरची | १९ एप्रिल, सायं. ६:०५

छापखान्यात आजच सांगितलं. मोहनाचंही छापू का?

पुरचुंडी | १९ एप्रिल, सायं. ६:१२

छापा. दोन चमचे, पोह्याच्या चमच्याने.